हा सिनेमा काशीनाथने केला

ग्लासगो,
९ फेब्रुवारी २०२४

ती. शशीकाका यांस नमस्कार.

दिवाळीत तुम्ही म्हणालात, "ईमेल नको, आयपॅड घरात सगळ्यांचा आहे. मला आपलं पत्रच आवडतं." म्हणून हे पत्र. आधीच सांगते, मी भयंकर चिडलेली आहे. अक्षर वाईट आलं तर त्यामुळे.

मी फिल्म आर्काइव्हमध्ये नेमकं काय करते, असं तुम्ही दर वेळी विचारता आणि मी दर वेळी "जुन्या रिळांची धूळ पुसते" म्हणून सुटते. सध्या आमच्याकडे ऑक्टोबरच्या एका सीझनची तयारी चालली आहे. विषय आहे सुरुवातीच्या अंडरग्राउंड सिनेमातली विविधता आणि क्वीअर माणसं. साठ-सत्तरच्या दशकात स्टुडिओबाहेर, सेन्सॉरला न विचारता लोकांनी फिल्म्स केल्या आणि तळघरांत, गोदामांत दाखवल्या. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष पडद्यावर साधा माणूस म्हणून दिसला तो आधी तिथे.

त्यात १९७३ची एक चौदा मिनिटांची फिल्म आहे. कॅटलॉगमध्ये नाव 'ईस्टर्न रिचुअल'. दिग्दर्शक रूपर्ट ॲशकोम, गोरा, पैसेवाला, आता हयात नाही. खाली वर्णन: "दोन अनामिक आशियाई पुरुष. काल्पनिक भाषेतला मंत्रघोष." पन्नास वर्षं हेच छापून येतंय.

सोमवारी मी हेडफोन लावून ती फिल्म पहिल्यांदा नीट ऐकली. काका, ती काल्पनिक भाषा मराठी आहे! तो माणूस म्हणतो:

"मी काशीनाथ मेश्राम, राहणार इंदोरा, नागपूर. सध्या मुक्काम लंडन. हा सिनेमा मी केला. कॅमेरा माझा, खोली माझी, रविवार माझा. ह्यात दिसतो तो माणूसही माझा. कोणी विचारलं हे कोणी केलं, तर सांगा, काशीनाथने केलं."

असं तीनदा. तीनदा म्हटलं म्हणून मंत्र!

मी धावत आमच्या विभागाच्या हेडकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हेरी इंटरेस्टिंग. पण हा मजकूर ॲशकोमनेच त्याला वाचायला दिला नसेल कशावरून?" म्हणजे नागपूरच्या वस्तीचा पत्ता ॲशकोमने मराठीत लिहून काढला? मी असं विचारलं तर म्हणे, "लेट्स नॉट गेट इमोशनल. कागदपत्रं आण." डायव्हर्सिटीच्या सीझनमध्ये नाव नसलेली दोन तपकिरी शरीरं चालतात. त्यातल्या एकाने स्वतःचं नाव सांगितलं की पुरावा लागतो.

आता तुमच्याकडे काम. खोलीच्या कोपऱ्यात लाँड्रीची पिशवी दिसते, तिच्यावर नॉर्थ लंडनच्या त्याच हॉस्पिटलचं नाव आहे जिथे तुम्ही एकाहत्तरमध्ये लागलात. काशीनाथ मेश्राम तुम्हाला माहीत होते का? दुसऱ्या माणसाचा चेहरा एकदाही दिसत नाही, त्यामुळे तिथून काही कळत नाही. कॅटलॉग जुलैत छापायला जातो. त्याआधी मला काहीतरी हाताशी हवं.

काकूंना नमस्कार. निधी तुमची आठवण काढते.

तुमची,
आश्लेषा

स्टॅनमोर,
१७ फेब्रुवारी २०२४

चि. आश्लेषास आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. नोकरीच्या ठिकाणी वरिष्ठांशी असं बोलू नये. तुझा व्हिसा अजून त्यांच्यावर अवलंबून आहे, हे विसरू नकोस. तुझ्या वडिलांनी माझ्या भरवशावर तुला इकडे पाठवलं. चुलतभाऊ असला तरी मला तो सख्ख्यासारखा आहे, म्हणून बोलतो.

पॅथॉलॉजीत मेश्राम नावाचा एक टेक्निशियन होता असं अंधूक आठवतं. आपल्या मंडळात तो कधी येत नसे, त्यांचं वेगळं असे. अधिक माहिती नाही. अशा गोष्टींची तेव्हा फार चर्चाही होत नसे, आणि ते बरंच होतं. डोक्याला तेल चोळण्याला रिचुअल म्हणणाऱ्या गाढवांशी भांडून तुला काय मिळणार? माणसं गेली, काळ गेला. दुसरं काहीतरी काम हातात घे.

हा विषय सुहासिनीकाकूशी काढू नकोस. मेमध्ये आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात, ती त्या गडबडीत आहे. तू ये. तुझ्या फ्लॅटमेटलाही आण.

शशीकाका

ग्लासगो,
२६ फेब्रुवारी २०२४

शशीकाका,

तुमचं पत्र मी निधीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती मध्येच म्हणाली, "थांब. तेलाचं तू त्यांना लिहिलं होतंस?"

नव्हतं लिहिलं. माझ्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे. फिल्ममध्ये काय घडतं याबद्दल मी अवाक्षर लिहिलेलं नाही. एक माणूस दुसऱ्याच्या डोक्याला तेल चोळतो, हे फिल्म पाहिलेल्यालाच माहीत. ती गेल्या चाळीस वर्षांत कुठेही दाखवलेली नाही.

तरीही मी स्वतःची समजूत घातली. म्हटलं, तेव्हा गोदामात कधी पाहिली असेल, आता सांगायला लाजत असतील. पण शुक्रवारी ॲशकोमच्या घरच्यांकडून त्याची फाइल आली. त्यात तुमच्या हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचा एक इंग्रजी कागद आहे, १४ मार्च १९७४चा. कॉपी सोबत जोडली आहे, पण मराठीत सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्याच भाषेत ऐकू येईल:

"मी काशीनाथ मेश्राम नावाच्या कोणालाही ओळखत नाही. त्याच्या खोलीवर मी कधीही गेलेलो नाही. सदर इसम खोटं बोलण्याबद्दल हॉस्पिटलात प्रसिद्ध आहे. डॉ. एस. व्ही. आगटे."

ज्याला ओळखत नाही तो खोटारडा आहे हे बरं माहीत होतं तुम्हाला! हेडने हाच कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "ॲशकोमची बाजू तुझ्याच देशाच्या एका डॉक्टरने लिहून दिली आहे." तो डॉक्टर माझा काका आहे, हे मी तिला सांगितलं नाही. लाज वाटली. तुमची.

"त्यांचं वेगळं असे." कोणाचं, काका? बौद्धांचं ना? शब्द उच्चारायलाही जड जातो का? आणि निधी माझी फ्लॅटमेट नाही. दिवाळीला तुमच्या हॉलमध्ये चाळीस माणसांसमोर तुम्ही तिची तशी ओळख करून दिलीत, आम्ही दोघींनी गिळलं. मला वाटलं, जुन्या वळणाचे आहेत, त्यांना समजत नाही. आता कळतंय की तुमच्याइतकं त्या हॉलमध्ये कोणालाच समजत नव्हतं.

खरं काय ते लिहा. नाहीतर लिहू नका.

आश्लेषा

स्टॅनमोर,
२१ एप्रिल २०२४

आश्लेषा,

दोन महिने गेले. चार पत्रं लिहून फाडली. पहिल्या तिन्हींत मी तुलाच झापत होतो. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलीने उठावं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जाब विचारावा, याचा संताप झाला. अजूनही होतो. तुम्हाला सगळं आयतं मिळालं आहे. हात धरून रस्त्यावरून चालता. आम्ही चाललो असतो तर माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन गेलं असतं, कदाचित दातही गेले असते. इथल्या सदुसष्टच्या कायद्याने अशा पुरुषांना बंद दाराआड मोकळीक दिली होती, कन्सल्टंटच्या राउंडवर नाही.

तो दुसरा माणूस मी आहे.

काशीनाथ पॅथॉलॉजीत होता, मी वॉर्डवर. रक्ताच्या बाटल्यांवर मी चुकीची लेबलं लावायचो आणि तो फोन करून माझी खरडपट्टी काढायचा. तशी ओळख झाली. दोन वर्षं दर रविवारी मी त्याच्या किल्बर्नच्या बेडसिटवर, त्या भाड्याच्या एका खोलीवर, जात होतो. त्याने सेकंडहँड कॅमेरा घेतला होता. गोदामात फिल्म करणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात तो जाई. त्यांच्या फिल्म्समध्ये आपल्यासारखी माणसं फक्त उदबत्ती लावायला असत, म्हणून तो चिडायचा. म्हणाला, "आपण जसा रविवार घालवतो तसाच दाखवायचा. डाळभात, तेल, भांडण." मी चेहरा दिसू न देण्याच्या अटीवर बसलो. बाकी प्रत्येक गोष्ट त्याची. कुठे कॅमेरा ठेवायचा, पडदा किती सारायचा, सगळं. ॲशकोम त्या खोलीत एकदाही आला नाही. लॅबमध्ये त्याचं खातं होतं म्हणून काशीनाथने निगेटिव्ह त्याच्याकडे दिली, आणि ती त्याच्या नावाने बाहेर आली.

काशीनाथने ग्रुपची मीटिंग बोलावली आणि मला म्हणाला, "तू फक्त ये आणि सांग, तू तिथे होतास." त्याच आठवड्यात ॲशकोम मला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटला. गोड बोलला. म्हणाला, दोन ओळी लिहून दे, नाहीतर फिल्मवर दोघांची नावं येतील आणि एक प्रिंट तुझ्या मेडिकल सुपरिंटेंडंटकडे जाईल. पुण्यात माझं लग्न ठरलं होतं. मी तीन ओळी लिहिल्या. खोटारडेपणाची तिसरी ओळ त्याने मागितली नव्हती. ती माझी.

काशीनाथने महिन्याभरात ते हॉस्पिटल सोडलं. पुढे तो वारला असं कोणीतरी म्हणालं.

मी आता सही करून देतो की फिल्म त्याने केली आणि १९७४चा कागद खोटा आहे. पण दुसरा माणूस कोण हे लिहिणार नाही. तो अनामिक राहू दे. २५ मेला हॉल बुक आहे, दीडशे माणसं येणार आहेत. सुहासिनीने यात काय केलं आहे? एवढी दया कर.

शशी

ग्लासगो,
१५ मे २०२४

शशीकाका,

ते गेलेले नाहीत. "असं कोणीतरी म्हणालं" यावर तुम्ही पन्नास वर्षं काढलीत. मला दोन फोन लागले. वुल्वरहॅम्प्टनच्या बुद्धविहारात मी मेश्राम म्हटलं आणि पलीकडची बाई म्हणाली, "काशीनाथजी ना? ते काय, चहा पितायत."

तुमचं पत्र त्यांना विचारून, त्यांच्या हातात दिलं. तुमची परवानगी घेतली नाही. त्यांचं उत्तर सोबत आहे. मी ते उघडलेलं नाही.

आश्लेषा

वुल्वरहॅम्प्टन,
११ मे २०२४

शशी,

पोरगी म्हणाली, वाचून दाखवू का. म्हटलं, चष्मा आहे माझ्याकडे. दोनदा वाचलं.

मी मेलो असं तू धरून चाललास, कारण मेलेल्याला तोंड दाखवावं लागत नाही. मी इथे छत्तीस वर्षं लॅबमध्ये काम केलं, चीफ टेक्निशियन होऊन रिटायर झालो. तुझी वाट पाहत बसलो असंही समजू नको. डेरेक नावाच्या बस ड्रायव्हरबरोबर सव्वीस वर्षं संसार केला. कोविडमध्ये तो गेला. त्याच्या प्रेताला खांदा द्यायला विहारातली माणसं होती आणि डेपोतली होती. ओळख काय करून द्यावी, असा प्रश्न कोणाला पडला नाही.

तू लिहितोस, लग्न ठरलं होतं, नोकरी गेली असती. खरं आहे. भीती मलाही होती. कातडी माझीही होती, आणि मला परत पाठवायला डॉक्टरपेक्षा कमी वेळ लागला असता. पण शशी, तू मला दोन कारणांनी सोडलंस आणि तोंडाने एकच सांगितलंस. तुझा मामेभाऊ पुण्याहून आला होता, आठवते? माझ्या खोलीवर बसून त्याला म्हणालास, "हा लॅबमधला माणूस." मग चहा तू केलास आणि मला कप वेगळा काढलास. माझ्याच घरातला कप. भाऊ निघून गेल्यावर तू मला मिठी मारायला आलास. मी तेव्हा काही बोललो नाही. त्याचा राग मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त येतो.

बारा वर्षांचा होतो तेव्हा नागपुरात लाखो लोकांत बापाचा हात धरून दीक्षा घेतली मी. त्या दिवशी बाप म्हणाला, आजपासून कोणी नाव विचारलं तर पूर्ण सांगायचं, खाली पाहून नाही. म्हणून सिनेमात मी नाव बोललो. कागदावरचं नाव हे लोक खोडतात हे मला माहीत होतं. फिल्मच्या तोंडातलं कसं खोडतील, म्हटलं. यांनी न खोडताच मंत्र करून टाकलं.

आता तुझी मेहेरबानी. माझं नाव लावतोस आणि स्वतः अनामिक राहतोस. नाही चालत. अनामिक हा शब्द त्या सिनेमावर पुन्हा दिसता कामा नये, माझ्यासाठी नाही आणि तुझ्यासाठीही नाही. मी कोणाला जबरदस्तीने उघडं पाडत नाही, ॲशकोम नाही मी. तू नाही म्हण. मग माझंही नाव नको, आणि फिल्म दाखवायलाही माझी मनाई आहे, असं मी पोरीला लिहून दिलं आहे. नावं लागतील तर दोन, नाहीतर एकही नाही.

तुझ्या बायकोवर दया मी का करू? ती तू पन्नास वर्षांपूर्वी करायची होतीस.

भेटायला येऊ नको.

जय भीम.
काशीनाथ मेश्राम

स्टॅनमोर,
१६ जून २०२४

आश्लेषा,

सही केलेलं प्रतिज्ञापत्र सोबत आहे, सॉलिसिटरसमोर केलेलं. चार मुद्दे आहेत. चौथा असा: "फिल्ममधला दुसरा पुरुष मी, शशी विष्णू आगटे, आहे." सॉलिसिटर गुजराती मुलगी होती. तिने दोनदा विचारलं, "अंकल, आर यू शुअर?"

सुहासिनीला मी अठरा मेला सांगितलं, लग्नाच्या वाढदिवसाच्या सात दिवस आधी. ती पाहुण्यांची यादी करत होती. काशीनाथचं पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि त्याच्यावर माझा चौऱ्याहत्तरचा कागद ठेवला, तू पाठवलेली कॉपी. तिने आधी विचारलं, "लग्नानंतरही?" म्हटलं, नाही. मग कागद वाचला. बराच वेळ वाचत होती, तीन ओळींना लागतो त्याच्यापेक्षा बराच. म्हणाली:

"तुम्ही कोण होतात याचा राग मला यायचा तेव्हा येईल. त्याला माझं मला बघू दे. पण एका माणसाच्या हातचं काम तुम्ही लिहून देऊन दुसऱ्याच्या घशात घातलंत, त्याला खोटारडा ठरवलंत, आणि मी जन्मभर आमचे हे किती सरळ आहेत म्हणून सांगत फिरले. याचा राग आत्ता येतोय."

हॉल तिनेच कॅन्सल केला. दीडशे माणसांना मेसेज कोण पाठवणार, म्हटल्यावर म्हणाली, "तुम्ही. एकेकाला फोन करून." मी केले. कारण विचारलं की मी सांगायचो, माझ्या हातून एक जुनं पाप झालं आहे. सत्तराव्या फोननंतर घसा बसला. ती केंब्रिजला लेकीकडे, स्वरालीकडे निघून गेली. काल परत आली. अजून बोलत नाही, पण डबा आणला होता, तो माझ्यासमोर ठेवला.

निधीला सांग, मी तिची माफी मागतो. नको सांगूस, मीच वेगळं लिहीन.

काशीनाथला भेटायला जाणार नाही. तो नको म्हणाला आहे.

शशी

ग्लासगो,
२१ ऑक्टोबर २०२४

शशीकाका,

काल फिल्म दाखवली. हॉल भरला होता, लोक पायऱ्यांवर बसले होते. काशीनाथजी वुल्वरहॅम्प्टनहून ट्रेनने आले, विहारातल्या दोन बायका सोबत होत्या. मी व्हीलचेअर ठेवली होती, ती त्यांनी लाथेने बाजूला केली.

सुरुवातीला पाटी आली: 'रविवार. दिग्दर्शन, काशीनाथ मेश्राम. सोबत, शशी आगटे.' मग त्यांचा आवाज, आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा खाली सबटायटल्स. पहिल्यांदा त्यांनी नाव सांगितलं तेव्हा लोक हसले, कारण ते मराठीत इतकं ठणकावून बोलतात. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा माझ्या शेजारी बसलेली हेड रुमाल शोधत होती. मला दया आली नाही.

नंतर स्टेजवर तीच बोलायला उभी राहिली. किती ब्रेव्ह, किती व्हल्नरेबल, आमच्या विविधतेच्या प्रवासात किती मोलाचं, असं चालू होतं. काशीनाथजींनी तिच्या हातातून माइक घेतला. म्हणाले, "मॅडम, ब्रेव्ह वगैरे राहू द्या. मी दिग्दर्शक आहे. पडदा डावीकडून का सारला ते विचारा. कट कुठे आहे ते विचारा. पन्नास वर्षं कोणी माझ्याशी माझ्या कामाबद्दल बोललं नाही, आणि आजही तुम्ही माझ्या दुःखाबद्दलच बोलताय."

मग मागून एका मुलाने पडद्याबद्दल विचारलं आणि ते पाऊण तास बोलले. प्रकाश, खिडकी, भाड्याची लेन्स, गोदामातली भांडणं. हातवारे करत, रागावत, लोकांना मध्येच तोडत. मी असा आनंदी माणूस बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

शेवटी एका बाईंनी विचारलं, "दुसरे गृहस्थ कुठे आहेत? त्यांना याबद्दल काय वाटतं?" काशीनाथजींनी पडद्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "त्याचं नाव वर लिहिलंय. तो जिवंत आहे. त्याला विचारा. त्याच्या वतीने मी बोलणार नाही."

आज सकाळपासून मला सहा ईमेल्स आल्यात. एक पेपर, दोन पीएचडी करणारे विद्यार्थी, एक पॉडकास्ट, आणि लेस्टरमधल्या तुमच्याच वयाच्या एका मराठी डॉक्टरांचा, त्यांनी फक्त "फोन नंबर मिळेल का?" एवढंच लिहिलंय. सगळ्यांना तुम्ही हवे आहात. मीही तुमच्या वतीने बोलणार नाही. तुमचा पत्ता देऊ का? हो की नाही, एवढं कळवा.

आश्लेषा

स्टॅनमोर,
२५ ऑक्टोबर २०२४

आश्लेषा,

दे. लेस्टरच्या डॉक्टरांना आधी दे.

सुहासिनी म्हणते, मंगळवारी कोणी नको, तिचं फिजिओ असतं. आणि येणाऱ्यांना सांग, पॉडकास्टवाल्यांनाही, की मी माझी बाजू मांडणार नाही. माझी बाजू नाही. काय केलं ते विचारलं तर सांगेन.

शशी आगटे